पाणी कधी पोहोचेल, रांग कुठवर जाईल: लाटेचा वेग वहीत मांडायची रीत

पैठणला नाथसागराचे दरवाजे उचलले की खाली गंगाखेड-नांदेडपर्यंत काठावरच्या गावांत एकच विचारणा सुरू होते: आपल्याकडं पाणी कधी येणार? मोटारी नदीत असतात, पाइप अंथरलेले असतात, गाळपेरात जनावरं असतात. विसर्गाचा क्युसेकमधला, म्हणजे सेकंदाला घनफुटांतला, आकडा मोबाइलवर लगेच येतो, पण वेळ कुणीतरी अंदाजानं सांगतं. दुसरा प्रश्न गाळप हंगामातला. उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेल्या रस्त्यावर रेल्वे फाटक पडतं आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला आधीच्या फाट्यावरच ठरवावं लागतं, की रांग इथवर येईल का, आतल्या रस्त्यानं वळावं का.

या दोन्ही प्रश्नांचं गणित एकच आहे. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते. आमच्याकडं नदीचा प्रवाह एका पेपरात येतो, रस्त्यावरची वाहतूक दुसऱ्या पेपरात. मुलं दोन्हीत पास होतात, तरी दोन्हीमागं एकच समीकरण आहे हे बहुतेकांना कधी दिसत नाही. १९५५ साली जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दोन निबंध जोडीनं छापले. पहिला लांब नद्यांतल्या पुराच्या वाटचालीवर होता आणि दुसरा गर्दीच्या लांब रस्त्यांवरच्या वाहतुकीवर. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पॉल रिचर्ड्स स्वतंत्रपणे वाहतुकीच्या त्याच सिद्धांतापाशी पोहोचले. या लाटांना कायनेमॅटिक लाटा म्हणतात. त्या वहीत कशा मांडायच्या ते इथं सांगते. भागाकार येत असेल आणि मोबाइलमध्ये स्टॉपवॉच असेल तर एवढं पुरतं.

मुळात दोनच गोष्टी मोजायच्या

पहिली गोष्ट प्रवाह. एका ठिकाणी उभं राहायचं आणि दर सेकंदाला किती घनमीटर पाणी, किंवा दर तासाला किती वाहनं समोरून गेली ते पाहायचं. दुसरी गोष्ट दाटी. रस्त्यावर ती दर किलोमीटरला किती वाहनं अशी मोजतात. नदीत दाटीच्या जागी ओलं काटछेद क्षेत्र येतं, म्हणजे नदी आडवी कापली तर किती चौरस मीटर पाणी दिसेल ते. प्रवाहाला दाटीनं भागलं की वेग मिळतो. तो पाण्याचा किंवा गाड्यांचा वेग, लाटेचा नव्हे.

आता दोन विधानं. एक हिशेबाचं आहे: एखाद्या पट्ट्यात जितकं शिरलं त्यातून जितकं बाहेर गेलं ते वजा केलं, की उरतं ती त्या पट्ट्यातली वाढ. पाणी हवेत जात नाही, गाड्या रस्त्यात विरत नाहीत. दुसरं विधान अनुभवाचं आहे: दाटी कळली की प्रवाह किती असेल हे ठरतं. नदीत उंची वाढली की विसर्ग किती होतो याचा आलेख काढता येतो. रस्त्यावर गर्दी वाढली की दर तासाला किती वाहनं निघतात याचाही आलेख काढता येतो.

ही दोन विधानं एकत्र ठेवली की लाटेचा वेग हातात येतो. प्रवाहातला फरक भागिले दाटीतला फरक. आलेखावर बोलायचं तर, छोट्या बदलाची लाट त्या ठिकाणच्या आलेखाच्या उतारानं जाते. मोठा, एकदम झालेला बदल आलेखावरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या उतारानं जातो. पुढची सगळी गणितं म्हणजे हाच भागाकार पुन्हा पुन्हा.

नदी: आधी नारळ, मग पाच तृतीयांश

नदीचा सरळ, एकसारखा पट्टा निवडा. पात्रात उतरायचं नाही, पुराच्या वेळी काठाच्या दगडांवरही जायचं नाही. पुलावरून किंवा उंच काठावरून काम होतं. शंभर मीटर अंतरावर दोन खुणा धरा. वरच्या खुणेच्या आधी सोललेला नारळ प्रवाहाच्या मध्यावर सोडा. ज्वारीचं धाट किंवा थर्माकोल टाकू नका, त्यांना वारा ओढून नेतो. नारळ बहुतांश पाण्यात बुडून वाहतो, म्हणून तो पाण्याचा वेग खरा दाखवतो. तीन-चार नारळ सोडून सरासरी घ्या.

समजा नारळाला शंभर मीटरला ६२ सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १.६१ मीटर झाला. तळाशी आणि काठाशी पाणी घासतं, म्हणून सगळ्या पात्राची सरासरी काढायला ०.८५ नं गुणतात. आले १.३७ मीटर. हा पाण्याचा वेग, ताशी साधारण ४.९ किलोमीटर. इथवर येऊन बहुतेक जण अंतराला या वेगानं भागतात आणि ६० किलोमीटर खालच्या गावाला सांगतात की बारा तास आहेत.

हे उत्तर धोक्याचं आहे. वाढ पाण्यापेक्षा जोरात जाते. उघड्या पात्रातल्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रानुसार रुंद पात्रात वेग हा खोलीच्या दोन तृतीयांश घातानं वाढतो. विसर्गात वेगाबरोबर खोलीही गुणली जाते, म्हणून विसर्ग खोलीच्या पाच तृतीयांश घातानं वाढतो. त्या आलेखाचा उतार काढला तर तो पाण्याच्या वेगाच्या बरोबर पाच तृतीयांश पट येतो. १.३७ गुणिले पाच भागिले तीन म्हणजे सेकंदाला २.२८ मीटर, ताशी ८.२ किलोमीटर. साठ किलोमीटरला सव्वासात तास. मोटार काढायला बारा तास आहेत असं समजून बसलेल्या माणसाच्या हातातून पाच तास आधीच गेलेले असतात.

ही गोष्ट कागदावरची नाही. फ्रान्समध्ये क्लाइट्झ यांनी १८७७ साली हा नियम मांडला होता. अमेरिकेत जेम्स सेडन यांनी १९०० साली मिसुरी आणि मिसिसिपी नद्यांच्या पाणीपातळ्यांवरून तो दाखवला. म्हणून जुने अभियंते याला सेडनचा नियम म्हणतात. गोदावरीवर केंद्रीय जल आयोगाची ढालेगाव, गंगाखेडचा रेल्वे पूल, येळी अशी मोजणी केंद्रं आहेत. तुमच्या गावाजवळच्या ठिकाणाचा पातळी-विसर्गाचा तक्ता आणि काटछेद मिळाला तर पाच तृतीयांशचीही गरज नाही. तक्त्यातल्या दोन ओळी घ्या, विसर्गातल्या फरकाला क्षेत्रातल्या फरकानं भागा. तुमच्या पात्राचं खरं उत्तर ते. पात्र आयताकृती नसलं, बाभळी वाढलेल्या असल्या, तरी हा भागाकार चालतो, कारण तो मोजलेल्या आकड्यांवर उभा आहे.

दरवाजे उचलल्यावर काय होतं ते आता पाहू. समजा नदीत सेकंदाला २०० घनमीटर पाणी चाललंय, म्हणजे सुमारे ७ हजार क्युसेक, आणि ओलं क्षेत्र २५० चौरस मीटर आहे. विसर्ग वाढवून १,४०० घनमीटर केला, म्हणजे जवळपास ५० हजार क्युसेक. त्या विसर्गाला क्षेत्र ८०० चौरस मीटर होतं. क्युसेकचे घनमीटर करायला ३५.३ नं भागायचं, एवढं पाठ ठेवा.

आधीच्या उथळ पाण्यात पाण्याचा वेग ०.८ मीटर, तिथली छोटी लाट १.३३ मीटरनं जाते. खोल पाण्यात पाण्याचा वेग १.७५ मीटर आणि लाट २.९ मीटरनं जाते. मागची उंच लाट पुढच्या ठेंगण्या लाटेपेक्षा दुपटीहून जास्त जोरात आहे. ती पुढचीला गाठते, गाठत राहते, आणि धरणापाशी तासाभरात हळूहळू वाढवलेलं पाणी खाली जाता जाता उभं होत जातं. या उभ्या झालेल्या तोंडाचा वेग काढायला दोन बिंदूंचा भागाकार करा: १,४०० वजा २०० म्हणजे १,२००, भागिले ८०० वजा २५० म्हणजे ५५०. सेकंदाला २.१८ मीटर, ताशी ७.९ किलोमीटर.

म्हणूनच काठावरचा माणूस सांगतो की पाणी चढायला लागलं आणि बघता बघता पायऱ्या गेल्या. त्याचं निरीक्षण बरोबर आहे. धरणावर विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवला म्हणून खालीही पाणी तेवढ्याच सावकाश चढेल असं धरून चालू नका.

ओसरताना उलटं होतं. उंच पाणी पुढं निघून जातं, ठेंगणं मागं रेंगाळतं, आणि उतार ताणला जातो. पूर चढतो लवकर, उतरतो सावकाश, हे प्रत्येक नदीकाठच्या घराला माहीत असतं. त्याचं कारण आलेखाच्या या वाकात आहे.

कोरडं पात्र, चालतं पात्र

माझे वडील पैठणच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते. हा कालवा २०८ किलोमीटरचा आहे, उजवा १३२ किलोमीटरचा. आवर्तन सुटलं की टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी घरी येऊन बसायचे, आमची पाळी कधी. वडील आधी एकच गोष्ट विचारून घ्यायचे: वरची चारी कोरडी आहे का चालू? कोरडी असेल तर ते सांगत, निवांत राहा, रात्र जाईल. चालू असेल आणि नुसतं पाणी वाढवलं असेल, तर सांगत, आत्ताच शेतावर निघा.

त्यांनी भागाकार कधी मांडला नाही, पण तो मांडून पाहिला तर त्यांचं बोलणं तंतोतंत निघतं. कोरड्या पात्रात आधीचा विसर्ग शून्य, आधीचं क्षेत्र शून्य. फरकाचा भागाकार केला की मागच्या पाण्याचाच वेग उरतो. वरच्याच उदाहरणात १,४०० भागिले ८००, म्हणजे १.७५ मीटर. पाच तृतीयांश पटीचा फायदा कोरड्या पात्राला मिळत नाही, कारण पुढं रेटायला पाणीच नसतं. त्यातून काळ्या जमिनीतल्या भेगा पहिलं पाणी पितात, त्यामुळं खरा वेग याहूनही कमी असतो. चालत्या पात्रात मात्र भेगा भरलेल्या असतात आणि वाढ पाण्याच्या पुढं धावते.

दुधना, सिंदफणा अशा उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नद्यांना हाच विचार लावा. जूनमधल्या पहिल्या पुराचा वेळ धरून सप्टेंबरमधल्या पुराची वेळ सांगायची नाही. सप्टेंबरचा लवकर येतो.

हे गणित कुठं धरायचं नाही, हेही इथंच सांगते. कायनेमॅटिक लाटेत गृहीत असतं की पाण्याला फक्त तळाचा उतार ओढतो आणि घर्षण अडवतं. खालून कुणी फुगवटा देत नाही. गोदावरीवर आता आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे एकामागोमाग आहेत, नांदेडला विष्णुपुरी आहे. बंधाऱ्याचे दरवाजे पडलेले असतील तर त्याच्या मागं कित्येक किलोमीटर पाणी जवळजवळ सपाट उभं असतं. तिथं पातळी ठरवतो तो खालचा दरवाजा, आणि आपला आलेख कामाचा राहत नाही. अशा पट्ट्यात आधी प्रत्येक बंधाऱ्याचे किती दरवाजे वर आहेत हे विचारा. सगळे वर असतील तर नदी पुन्हा नदीसारखी वाहते आणि हिशेब लागू पडतो. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात, त्यामुळं त्या काळात या दरवाजांचा फुगवटा नसतो.

पाणी काठ ओलांडून शेतात पसरलं की दुसरी गोष्ट घडते. क्षेत्र भराभर वाढतं, विसर्ग त्या मानानं थोडाच वाढतो, भागाकार लहान होतो आणि लाट मंदावते. शुद्ध कायनेमॅटिक हिशेबात पुराचा माथा कधी कमी होत नाही. प्रत्यक्षात पसरलेलं पाणी माथा कापत जातं. म्हणून वेळेसाठी ही रीत वापरा. सर्वांत जास्त उंची किती होईल हे मात्र हिच्यावरून सांगू नका.

रस्ता: फाटकाच्या मागं काय चालतं

रस्त्यावर तोच भागाकार, पण आलेखाचा आकार वेगळा. नदीत दाटी वाढली की वेग वाढतो. रस्त्यावर दाटी वाढली की वेग घटतो. म्हणून प्रवाहाचा आलेख वर चढतो, कमाल क्षमतेला पोहोचतो आणि पुन्हा खाली उतरून उभ्या रांगेच्या दाटीला शून्य होतो. उतरत्या बाजूला उतार उणे आहे. उणे उतार म्हणजे लाट मागं जाते, गाड्या पुढं जात असल्या तरीही.

१९३५ साली अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी रस्त्याचे फोटो काढून दाटी आणि वेग यांचं नातं सरळ रेषेचं मानलं. त्यावरून प्रवाहाची कमान मिळते. वहीतल्या कामाला मी कमानीऐवजी साधा त्रिकोण वापरते. आकडे तीनच लागतात, मोकळा वेग, उभ्या रांगेची दाटी आणि जास्तीत जास्त प्रवाह, आणि तिन्ही फाटकावर उभं राहून मिळतात.

आधी वाहनांची मोजणी. दुचाकी आणि उसाचा ट्रॅक्टर एकच धरून चालणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यात कार किंवा रिक्षा १, दुचाकी अर्धी, बस किंवा ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ असे कार-एकक दिलेले आहेत. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर त्याहून जास्त धरावं असं माझं मत आहे. पाच मिनिटं मोजा. समजा एका दिशेनं २२ दुचाकी, ९ कार-रिक्षा, ४ बस-ट्रक आणि ४ ट्रॅक्टर आले. ११ अधिक ९ अधिक १२ अधिक १८, एकूण ५० एकक. तासाला ६००. मोकळा वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर दाटी किलोमीटरला १५ झाली.

उभ्या रांगेत एका एककाला गाडी आणि मधली फट धरून सुमारे ७.७ मीटर लागतात असं समजू, म्हणजे किलोमीटरला १३०. हा आकडा तुम्ही स्वतः पावलांनी मोजा. फाटक उघडल्यावर तासाला जास्तीत जास्त १,५०० एकक निघू शकतात असं या उदाहरणासाठी धरते. ४० च्या वेगाला त्यांची दाटी ३७.५ होते.

फाटक पडलं. फाटकाशी प्रवाह शून्य, दाटी १३०. येणारा प्रवाह ६००, दाटी १५. भागाकार: ६०० भागिले (१५ वजा १३०), म्हणजे उणे ५.२. रांगेचं शेपूट ताशी ५.२ किलोमीटरनं मागं सरकतं, माणूस झपाझप चालतो त्या वेगानं. दहा मिनिटांत ते ८७० मीटरवर. ताळा करून पाहा: दहा मिनिटांत शंभर एकक आले, पण ८७० मीटरच्या रांगेत १३० च्या दरानं ११३ बसतात. वरचे तेरा कुठून आले? ते त्या ८७० मीटरमध्ये आधीच चालत होते. हा ताळा जुळत नसेल तर पुढं जाऊ नका.

आता फाटक उघडतं. इथं विद्यार्थी नेहमी अडतात, म्हणून सावकाश वाचा. उघडल्याबरोबर शेपूट थांबत नाही. सुटण्याची खबर पुढून मागं एकेका गाडीनं जाते, आणि ती पोहोचेपर्यंत मागं नव्या गाड्या उभ्या राहतच असतात. सुटण्याच्या लाटेचा वेग १,५०० भागिले (३७.५ वजा १३०), उणे १६.२ किलोमीटर. हा आकडा तपासायला सोपी युक्ती आहे. १६.२ म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर, म्हणजे प्रत्येक एकक पुढच्यानंतर १.७ सेकंदांनी हलतं. रांगेतल्या विसाव्या एककापाशी उभे राहा, फाटक उघडल्यापासून ते हलेपर्यंत स्टॉपवॉच लावा. ३४ सेकंदांच्या आसपास आलं तर आपला त्रिकोण बरोबर. तुमच्या फाटकावर ५० आलं तर तुमचा वेग वेगळा, तो घ्या.

सुटण्याची लाट १६.२ नं मागं जाते, शेपूट ५.२ नं मागं जातं, फरक ११. मधलं अंतर ०.८७ किलोमीटर. ०.८७ भागिले ११ म्हणजे ४.७ मिनिटं. तेवढ्या वेळात सुटण्याची लाट १.२८ किलोमीटरवर पोहोचलेली असते. रांग सर्वांत लांब होते ती फाटक उघडल्यानंतर पावणेपाच मिनिटांनी, आणि तिचं टोक फाटकापासून १.२८ किलोमीटरवर असतं. रुग्णवाहिकेच्या चालकाला हवा असलेला आकडा हा. ‘फाटक उघडलं’ असा फोन आला म्हणून त्यानं सव्वा किलोमीटरच्या आतला फाटा सोडून सरळ यायचं नाही.

त्यानंतर रांगेतला शेवटचा माणूस ४० च्या वेगानं निघतो आणि १.२८ किलोमीटर १.९ मिनिटांत कापतो. उघडल्यापासून ६.७ मिनिटांत रस्ता पूर्ववत. ताळा: अडकलेले शंभर एकक, दर तासाला जास्तीचे निघतात ९००, शंभर भागिले नऊशे, तेच ६.७ मिनिटं.

नदीत उभं तोंड पुराच्या पुढच्या बाजूला तयार होतं. रस्त्यावर ते गर्दीच्या मागच्या बाजूला, शेपटाशी तयार होतं. म्हणूनच रांगेचं शेपूट अपघाताची जागा असते: ४० नं येणाऱ्यासमोर काही मीटरांत उभी रांग. रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली त्या शेपटाला असेल तर काय होतं हे आपल्या जिल्ह्यांत सांगायला नको. हंगामात एक माणूस फ्लेक्सचा तुकडा आणि टॉर्च घेऊन उभा करायचा असेल तर फाटकापाशी नको, शेपटाच्या मागं हवा, आणि शेपूट कुठं असेल ते वरच्या गणितानं कळतं.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. या सिद्धांतात काहीही अडथळा नसताना कोंडी आपोआप तयार होत नाही. खऱ्या रस्त्यावर होते. २००८ साली जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगानं चालवायला सांगितल्या. थोड्याच वेळात कारण नसताना कोंडी उभी राहिली आणि ती ताशी सुमारे २० किलोमीटरनं मागं फिरत राहिली. कोंडी कशी जन्मते हे कळायला चालकांच्या उशिरा ब्रेक दाबण्याचा हिशेब धरणारी मॉडेलं लागतात. जन्मलेली कोंडी कुठवर जाईल हे सांगायला मात्र आपला भागाकार पुरतो.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये

येणारा प्रवाह मधूनच बदलतो, एसटी येते, कारखान्याकडून ट्रॅक्टरांचा जथा येतो. तेव्हा हातानं रेषा ओढणं जमत नाही. १९९४ साली कार्लोस डागान्झो यांनी यासाठी खणांची पद्धत मांडली, ती मोबाइलवरच्या शीटमध्येही चालते.

दोन किलोमीटरचा रस्ता शंभर मीटरच्या वीस खणांत पाडा, एक खण म्हणजे एक रकाना, विसावा फाटकाला लागून. वेळेची पायरी नऊ सेकंद घ्या. हा आकडा मनाचा नाही: ताशी ४० नं नऊ सेकंदांत बरोबर शंभर मीटर होतात. पायरी याहून मोठी घेतली तर गाडी एका पायरीत दोन खण उडी मारेल आणि उत्तरं वेडीवाकडी येतील. प्रत्येक ओळ म्हणजे एक पायरी.

आता सगळं ‘खणातले एकक’ या हिशेबात. भरलेल्या खणात १३ मावतात. एका पायरीत जास्तीत जास्त ३.७५ निघतात. सुरुवातीला प्रत्येक खणात १.५ आहेत आणि पहिल्या खणात दर पायरीला १.५ येतात. खण जितके पाठवू शकतो ते म्हणजे त्याच्यातले एकक आणि ३.७५ यांतलं लहान. खण जितके घेऊ शकतो ते म्हणजे ३.७५ आणि ०.४०५ गुणिले (१३ वजा त्याच्यातले एकक) यांतलं लहान. ०.४०५ म्हणजे १६.२ भागिले ४०. दोन खणांमधून प्रत्यक्ष जातात ते पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या आकड्यांतले लहान. नवे एकक म्हणजे जुने अधिक आलेले वजा गेलेले. फाटक बंद असताना विसाव्या खणातून शून्य जातात.

पहिल्या काही ओळी हातानं करा. विसाव्या खणात १.५, मग ३, ४.५, ६, ७.५, ९, १०.५. सातव्या पायरीला तो फक्त ०.४०५ गुणिले २.५, म्हणजे १.०१ घेऊ शकतो. उरलेले ०.४९ एकोणिसाव्या खणात अडकतात आणि तो १.९९ होतो. इथून रांग मागं सरकू लागली. हा आकडा जुळला की सूत्र बाकी रकान्यांत ओढा. ६७ ओळी फाटक बंद ठेवा, मग उघडा. शेपूट तेराव्या खणापर्यंत, फाटकाकडून मोजत, जाताना दिसेल. वहीतले १.२८ किलोमीटर तेच. खणांमुळं टोक जरा पुसट दिसतं, त्याची काळजी करू नका.

शीट तयार झाली की मी मुलांना एकच बदल करायला लावते. फाटक बंद असताना आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय: मागचे उजव्या बाजूनं पुढं घुसतात, समोरूनही तसेच घुसतात, आणि फाटक उघडतं तेव्हा दोन्हीकडचे तोंडाला तोंड लावून उभे असतात. तासाला १,५०० ऐवजी ८०० च निघतात असं धरा. शीटमध्ये फाटकातून जाणारे ३.७५ ऐवजी २.० करा. बाकी सगळं तसंच.

रस्ता पूर्ववत व्हायला आता ४४ ओळींऐवजी २०० ओळी लागतात. ६.७ मिनिटांची तीस मिनिटं होतात. सुटण्याची लाट तेवढ्याच वेगानं मागं जाते, १.२८ किलोमीटरपर्यंतच जाते, पण तिच्या मागं रस्ता मोकळा होत नाही. रांग किलोमीटरला ८१ च्या दाटीनं रांगत राहते आणि शेपूट ताशी तीन किलोमीटरनं पुढं येतं. अर्ध्या तासाच्या आत पुढची रेल्वेगाडी आली तर फाटक पुन्हा पडतं, आणि नवी रांग जुन्या रांगेवर चढते. तीन रेल्वेगाड्यांनंतरचं चित्र शीटमध्ये काढून पाहा, फाटकांच्या वेळा तुमच्याकडच्या टाका.

ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात फाटकापाशी दुभाजक किंवा हंगामात दोन माणसं मागायला जाल तेव्हा या दोन शीट छापून न्या. त्याआधी आपल्या फाटकावर, उघडल्यापासून पाच मिनिटं, एका बाजूनं किती एकक निघाले ते स्वतः मोजा, आणि ३.७५ च्या जागी तुमचा मोजलेला आकडा लिहा. पाच मिनिटांतल्या आकड्याला ३०० नं भागून नऊनं गुणलं की तो मिळतो.